लिंबाचे सरबत : गुण आणि प्रमाण

चैत्र लागला, उन्हे तापू लागली, की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येते : "थोडं सरबत करू का?" आलेला पाहुणा उन्हातून चालत आला असेल तर हा प्रश्नही कोणी विचारीत नाही; पेला थेट पुढे येतो. लिंबू, साखर, मीठ आणि पाणी या चार वस्तू ज्या घरात नाहीत असे घर आपल्याकडे विरळाच. त्यात कोणी आले ठेचून घालतो, कोणी पुदिना चुरडतो, कोणी गवती चहाची पाती उकळून त्याचे पाणी वापरतो. असे हे साधे पेय. पण अलीकडे त्याच्याविषयी जे बोलले जाते ते मात्र साधे राहिलेले नाही. त्याने वजन उतरते म्हणतात, रक्त शुद्ध होते म्हणतात, रक्तदाब आणि मधुमेह पळतो म्हणतात. पेला तोच, पण कीर्ती अमृताची!

मी वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. कॉलेजात मराठी शिकवतो. पण शब्दांच्या व्यवहारात एक सवय अंगी बाणते. कोणी कशाची फार स्तुती करू लागला, की तिच्यातली विशेषणे बाजूला काढायची आणि खाली काय उरते ते पाहायचे. लिंबाच्या सरबताची आज अशीच परीक्षा घेऊ. उरते ते थोडे नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी नावाकडे पाहू. 'सरबत' हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला. पिणे या अर्थाच्या अरबी धातूपासून तो निघाला आणि इंग्रजीतले 'सिरप' व 'शर्बेट' हे त्याचेच भाऊबंद. आपला जुना शब्द 'पानक'. त्याचेच रूप झिजून 'पन्हे' झाले. म्हणजे आंबट, गोड आणि किंचित खारट असे पेय उन्हाळ्यात प्यावे, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. कोकणात तेच काम कोकम करते, देशावर आणि विदर्भात कैरी व लिंबू करते.

आता लिंबू. आपण बाजारात घेतो ते पातळ सालीचे, गोल, पिवळट हिरवे 'कागदी लिंबू'. इंग्रजी पुस्तकांत ज्याला 'लेमन' म्हणतात ते फळ वेगळे. ते मोठे, जाड सालीचे आणि दोन्ही टोकांना निमुळते असते. आपले कागदी लिंबू हे त्यांचे 'लाइम'. परदेशी पुस्तकातली कृती वाचून एक लेमन म्हणजे आपले एक लिंबू असा हिशेब केला, तर चव फसते ती याच कारणाने. आपल्या महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातला श्रीगोंदा तालुका लिंबासाठी नावाजलेला आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'साई सरबती' नावाची जातच काढली आहे. तिच्या नावात सरबत आहे ते उगाच नव्हे. लिंबाला वर्षात मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार येतात. उन्हाळ्यात जे लिंबू लागते ते हस्त बहाराचे, आणि नेमका हाच बहार धरणे शेतकऱ्याला अवघड जाते. कारण त्या आधी झाडाला जो ताण बसावा लागतो तो पावसाळ्यात बसत नाही. म्हणून गरज सर्वांत जास्त तेव्हाच लिंबू महाग. एप्रिल २०२२ मध्ये एकेका लिंबाला दहा-दहा, पंधरा-पंधरा रुपये मोजल्याची आठवण अनेकांना असेल.

लिंबू घेताना रंगावर जाऊ नका. हातात घेऊन वजन पाहा. आकाराच्या मानाने जड आणि सालीला तुकतुकीत असेल ते रसाळ. कापण्यापूर्वी ते धुवावे, पाटावर तळव्याखाली दाबून दोन-चार वेळा फिरवावे आणि आडवे कापावे. रस सुटा निघतो. बिया चिरडू नयेत आणि साल अगदी पिळवटून काढू नये. कडवटपणा येतो तो तिथूनच.

या रसात विशेष ते काय, याची गोष्ट समुद्रावर घडली आहे. महिनोन् महिने जहाजावर राहणाऱ्या खलाशांना पूर्वी एक भयंकर रोग होई. हिरड्या सुजत, दात हलत, जुन्या जखमा पुन्हा उघडत आणि माणूस खंगून मरे. इंग्रजीत त्याला 'स्कर्व्ही' म्हणतात. जेम्स लिंड हा इंग्रजांच्या 'सॅलिसबरी' जहाजावरचा डॉक्टर. मे १७४७ मध्ये त्याने अशा बारा रोग्यांच्या सहा जोड्या केल्या. जेवण सर्वांना सारखेच दिले, पण औषध जोडीगणिक वेगळे. एका जोडीला व्हिनेगर, एकीला चक्क समुद्राचे पाणी, एकीला सफरचंदाची दारू, आणि एका जोडीला रोज दोन संत्री व एक लिंबू. सहा दिवसांत जहाजावरची ही फळे संपली. पण तेवढ्यात त्या दोघांपैकी एक जण कामावर रुजू झाला आणि दुसऱ्याला उरलेल्या रोग्यांच्या शुश्रूषेवर नेमण्यात आले! लिंडने १७५३ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. इंग्रजी आरमाराने मात्र लिंबाचा रस सरसकट द्यायला १७९५ साल उजाडू दिले.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या स्वयंपाकघराशी संबंध असलेला आहे. रस टिकावा म्हणून लिंडनेच तो कित्येक तास तापवून आटवण्याची कृती सांगितली. रस आटला, टिकलाही. पण त्यातला गुण बराचसा उडून गेला. कारण तो गुण ज्या द्रव्याचा, ते उष्णतेने आणि हवेने नाश पावते. त्या द्रव्याला आज आपण 'क' जीवनसत्त्व म्हणतो. ते वेगळे काढणाऱ्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाला १९३७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपण त्यातून घ्यायचा धडा एवढाच : लिंबू उकळायचे नाही. लिंबाचा रस सर्वांत शेवटी.

आता कृती सांगतो. चार पेल्यांचे प्रमाण धरू. एक लिटर पिण्याचे स्वच्छ पाणी घ्या. त्यातले दोन पेले पाणी पातेल्यात उकळत ठेवा. त्यात गवती चहाची चार-पाच पाती धुऊन, कात्रीने बोटभर तुकडे करून टाका. अंगठ्याच्या पेराएवढे आले ठेचून घाला. पाच मिनिटे मंद आचेवर उकळू द्या, मग आच बंद करून झाकण ठेवा. झाकण विसरू नका. गवती चहाचा जो सुवास, ते उडून जाणारे तेल आहे. उघड्या पातेल्यातून ते घरभर दरवळेल, पेल्यात मात्र उतरणार नाही. दहा मिनिटांनी गाळून घ्या. गरम आहे तोवर आठ सपाट चहाचे चमचे साखर आणि पाव चमचा मीठ विरघळवा. उरलेले दोन पेले पाणी घालून ते पुरते निवू द्या. आता पुदिन्याची आठ-दहा पाने हातानेच चुरडून टाका. आणि मग शेवटी दोन मोठ्या किंवा तीन मध्यम लिंबांचा रस. ढवळा, आणि प्या.

या साध्या कृतीत प्रत्येक जिन्नसाला कारण आहे. आल्यातला तिखटपणा तोंडाला चव आणतो. मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, हे आजीबाईंप्रमाणे आजच्या संशोधकांनीही मान्य केले आहे. गवती चहात आणि लिंबाच्या सालीत 'सिट्रल' नावाचे एकच सुगंधी द्रव्य असते. म्हणून तर ही जोडी एकमेकांना इतकी शोभते, आणि गवती चहा घातला की लिंबू थोडे कमी पडले तरी चालते. पुदिन्याने गार वाटते. पण 'वाटते' या शब्दावर लक्ष द्या. पुदिन्याच्या कुळातले 'मेंथॉल' जिभेवरच्या गारवा जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. अंगाचे तापमान त्याने उतरत नाही. ते सुख खोटे आहे असे मी म्हणत नाही. उन्हातून आलेल्या माणसाला गार वाटले आणि म्हणून तो पेलाभर पाणी जास्त प्याला, तर पुदिन्याने आपले काम केले.

मिठाविषयी एक शब्द. कोणी सैंधव घालतात, कोणी पादेलोण. पादेलोणाचा वास वेगळा, चव वेगळी. पण दोन्ही मुख्यतः मीठच. सैंधव आहे म्हणून रक्तदाबाच्या माणसाने हात सैल सोडावा, असे नाही.

भांडे काचेचे, स्टीलचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. कल्हई उडालेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला तर तो कळकतो, हे जुन्या बायकांना सांगावे लागत नसे. आज घरात शोभेसाठी तांब्याची भांडी पुन्हा आली आहेत. कल्हईवाला मात्र आलेला नाही. तेव्हा तांब्याच्या जगमधून पाणी खुशाल प्या, सरबत त्यात ठेवू नका. आणि केलेले सरबत त्याच दिवशी संपवा.

सर्वांत महत्त्वाचा घटक मात्र पाणी. लिंबाच्या आंबटपणाने घाण पाणी शुद्ध होत नाही. रस्त्यावरच्या सरबतात लिंबू ताजे डोळ्यांसमोर पिळतात, पण बर्फ कोणत्या पाण्याचा हे कोणी विचारीत नाही. कावीळ आणि विषमज्वर त्या बर्फातून येऊ शकतात. पाण्याविषयी शंका असेल तर आधी उकळा, निववा, मग सरबत.

आता या पेल्याने होते काय? पहिले काम तहान भागवण्याचे. घामाने अंग थंड राहते, पण घामाबरोबर पाणी जाते आणि मीठही जाते. कोकणात घाम अंगावर दिसतो. नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या उन्हात तो आल्याबरोबर वाळतो आणि आपण घामाघूम झालो हे कळतही नाही. पाणी मात्र तितकेच जाते. नुसते पाणी फार पिववत नाही. आंबटगोड केले की पिववते. दुसरे काम जेवणातले. 'क' जीवनसत्त्वाच्या सोबतीने धान्यातले, डाळीतले आणि पालेभाजीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. म्हणून पोह्यांवर पिळलेले लिंबू केवळ चवीचे नाही. ज्या घरात मुली आणि बायका अंगात रक्त कमी असल्याने थकतात, तिथे जेवणाला लागून चहा घेण्याऐवजी लिंबाची फोड ताटात वाढावी. तिसरे काम मूतखड्याविषयी. लिंबातल्या सायट्रिक आम्लामुळे लघवीत सायट्रेट वाढते आणि कॅल्शियमचे खडे बनण्यास अडथळा होतो. ज्यांना पुन्हापुन्हा खडे होतात त्यांना डॉक्टर लिंबूपाणी सुचवतात ते यासाठी. पण झालेला खडा त्याने विरघळेल, या भरवशावर कळा सोसत बसू नये.

आणि 'क' जीवनसत्त्वाचा हिशेबही सांगून टाकू. प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण ६५ ते ८० मिलिग्रॅम. एका कागदी लिंबाच्या रसातून मिळते जेमतेम पाच-दहा मिलिग्रॅम. एक मध्यम पेरू मात्र दिवसाची गरज भागवून उरतो, आणि आवळा तर त्याच पंक्तीतला. लिंबाची थोरवी आहे ती वर्षभर, थोडे थोडे, रोजच्या ताटात येण्यात.

मग रक्तशुद्धी, चरबी वितळणे, अंगातली विषे बाहेर काढणे? हे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. त्यांना पुरेसे पाणी मिळाले की बस्स. सकाळी चहाऐवजी बिनसाखरेचे लिंबूपाणी घेतले आणि वजन उतरले, तर ते चहातली साखर वाचली म्हणून उतरले.

हे मी एवढ्या आग्रहाने का सांगतो? आमच्या शेजारी एक सेवानिवृत्त गृहस्थ राहतात. मागच्या उन्हाळ्यात जिन्यात भेटले तेव्हा मोठ्या उत्साहाने म्हणाले, "सर, रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या बघा. रोज सकाळी लिंबू, आलं, मध आणि चिमूटभर सैंधव. महिना झाला, एकदम हलकं वाटतंय."

मी विचारले, "काका, डॉक्टरांना सांगितलंत का?"

"त्यांना काय सांगायचं? ते गोळ्याच देणार!"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, हलकं वाटतंय म्हणे! रात्री डोकं धरून बसता ते सांगा की सरांना."

शेवटी काकूच त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. रक्तदाब चांगलाच वाढलेला निघाला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि म्हणाले, "लिंबूपाणी चालू ठेवा, मीठ तेवढं काढा." काका आजही रोज लिंबूपाणी घेतात, पण गोळीनंतर. हलके वाटणे हे रक्तदाबाचे मोजमाप नव्हे. त्याचे यंत्र वेगळे असते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही आल्याचा काढा रोज भरपूर प्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह्याने साखरेचे सरबत टाळावे. गूळ किंवा मध घातला म्हणून ते निर्दोष होत नाही. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध बोटावरसुद्धा चाटवू नये; त्यातून क्वचित पण जिवावरचे दुखणे होऊ शकते. दातांचेही ध्यानात ठेवा. लिंबू दातांच्या कवचाला मऊ करते. सरबत दिवसभर घोट घोट घेत राहू नये. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि दात लगेच घासू नयेत.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला त्या गोष्टीकडे येतो. मुलाला जुलाब होऊ लागले की आपल्याकडे पुष्कळ आया प्रेमाने गोड लिंबू-सरबत पाजतात. येथे प्रमाण हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. १९७१ मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित आपल्याकडे आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मोजून मिसळला आणि रोग्यांच्या नातेवाइकांकरवी तो पेल्याने पाजला. शंभरातले तीसएक रोगी दगावत होते, ते प्रमाण तीन-चारांवर आले. विद्या अशी की, आतड्यात ठराविक मीठ आणि ठराविक साखर एकत्र आली की ती एकमेकांच्या हाताला धरून आत शिरतात आणि पाण्याला बरोबर नेतात. साखर जास्त झाली तर उलट होते. ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

म्हणून घरी करायचे असेल तर प्रमाण पाठ करा : एक लिटर स्वच्छ पाणी, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचा चहाचा, आणि वरून बोटाने सपाट केलेला. मी मघाशी सांगितलेले सरबत या कामाचे नाही. त्यात साखर जास्त आणि मीठ कमी आहे. त्याहून चांगली ओआरएसची पुडी. आरोग्य केंद्रात आणि औषधाच्या दुकानात ती मिळते. लिटरची पुडी अख्खी लिटरभर पाण्यात विरघळवायची आणि चोवीस तासांत संपवायची. बाटलीतली गोड पेयेही ओआरएस या नावाखाली विकली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ते नाव घालण्यास मनाई केली. तरी वेष्टन वाचूनच घ्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

उष्माघाताचेही तसेच. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतल्या खारघरला भर उन्हात झालेल्या समारंभानंतर अनेकांना प्राण गमवावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. ऊन लागू नये म्हणून निघण्यापूर्वी आणि वाटेत सरबत प्यावे, हे उत्तम. पण माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागला, अंग भट्टीसारखे तापले किंवा शुद्ध हरपली, तर त्याच्या तोंडात सरबत ओतू नका. ते श्वासनलिकेत जाईल. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. त्या घटकेला पाणी पोटात नव्हे, अंगावर हवे.

विशेषणे काढून पाहू म्हटले होते, ते पाहिले. उरला एक पेला : स्वच्छ पाणी, थोडे मीठ, बेताची साखर, आल्याचा चुरका, गवती चहाचा सुवास आणि शेवटी पिळलेले लिंबू. आपल्या हातचे, स्वस्त आणि तहानेला खरे उत्तर. कुरिअर घेऊन आलेला मुलगा, भाजीवाली, रस्त्याचे काम करणारे मजूर यांना या उन्हाळ्यात तो पेला तुमच्या दारात मिळाला, तर सरबताचा याहून मोठा गुण मला सांगता येणार नाही. औषध मात्र औषधाच्या जागी असू द्या.